प्रतिकारशक्ती वाढवायची की वळवायची? कुत्र्यांच्या लिशमॅनिया आजारावरील इम्युनोथेरपी



आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत आता कुत्रा हा घरातलाच एक सदस्य झाला आहे. पावसाळा सरला की गोचीडतापाचे विषय निघतात आणि त्या पाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो: "याची इम्युनिटी वाढवायला काही देता येईल का?" दुकानात पावडरी, सिरप, चघळायच्या गोळ्या अशी रांगच लागलेली असते. त्यातच माणसांच्या कर्करोगावरील इम्युनोथेरपीच्या बातम्या आपण वाचतो आणि वाटते, कुत्र्यांच्या परजीवी आजारांवर असे काही असेल का?

आहे. पण ते पावडरीच्या डब्यावर लिहिले असते तसे नाही. परजीवीमुळे होणाऱ्या कुत्र्यांच्या आजारांपैकी एका आजारावर हा उपचार बराच आजमावला गेला आहे. त्याचे नाव लिश्मॅनिओसिस. तो मुख्यतः स्पेन, पोर्तुगाल, इटली, ग्रीस अशा भूमध्य समुद्राकाठच्या देशांत आणि ब्राझीलमध्ये आढळतो. आपल्या बडोद्यातल्या कुत्र्यांना त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. तरीही तो समजून घेण्यासारखा आहे, कारण प्रतिकारशक्ती या शब्दाचा खरा अर्थ या आजाराइतका स्वच्छ क्वचितच कुठे दिसतो.

जुनी ओळख, नवे रूप

लिशमॅनिया हे नाव आपल्या देशाशीच जोडलेले आहे. कोलकात्याजवळच्या डमडम येथे राहून गेलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत विल्यम लिशमन यांना सूक्ष्म कण दिसले. ते निरीक्षण त्यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोवन यांनाही तेच कण सापडले. रोनाल्ड रॉस यांनी दोघांची नावे जोडून त्या जंतूला लिशमॅनिया डोनोवनी असे नाव दिले. हाच आपल्याकडच्या काळा आजाराचा जंतू. कोलकात्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या दशकात युरिया स्टिबामाइन हे औषध आणले आणि त्या काळी जवळजवळ असाध्य असणाऱ्या या रोगातून असंख्य माणसे वाचली.

भारतात काळा आजार बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशच्या काही भागांत राहिला. तो माणसाकडून माणसाकडे जातो. कुत्र्याची मध्यस्थी त्याला लागत नाही. भूमध्य समुद्राकाठची गोष्ट वेगळी आहे. तिथे लिशमॅनिया इन्फँटम नावाचा भाऊबंद आहे आणि त्याचे मुख्य घर म्हणजे कुत्रा. ट्युनिसमध्ये चार्ल्स निकोल यांनी १९०८ मध्ये कुत्र्यांत हा जंतू दाखवून दिला. पुढे हाच जंतू दक्षिण अमेरिकेतही पसरलेला आढळला.

दोन्ही ठिकाणी वाहक एकच, वाळूमाशी म्हणजे सँडफ्लाय. गुजरातमधल्या वाचकांना हे नाव नवे नाही. २०२४ च्या पावसाळ्यात साबरकांठा, अरवल्ली भागात चांदीपुरा विषाणूने लहान मुले दगावली, तेव्हा घराघरांत या माशीची चर्चा झाली. (हा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात प्रथम सापडला, म्हणून त्याचे नाव चांदीपुरा.) चांदीपुरा हा विषाणू आहे आणि लिशमॅनिया हा एकपेशीय परजीवी आहे, त्यामुळे दोन्ही आजार अगदी वेगळे. माशीची जात मात्र तीच: दोन-तीन मिलिमीटरची, आवाज न करणारी, तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत फिरणारी, भिंतींच्या भेगांत आणि ओलसर सेंद्रिय कचऱ्यात वाढणारी.

चोर चौकीतच राहायला आला तर

आपल्या शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशी असतात. त्यांना मॅक्रोफेज म्हणतात. आपण भक्षक पेशी म्हणू. वाळूमाशी चावताना लिशमॅनिया कुत्र्याच्या कातडीत सोडते, भक्षक पेशी त्याला गिळते आणि नेहमीप्रमाणे पचवून टाकायला बघते. पण हा जंतू तिच्या पोटातच तग धरतो आणि तिथेच वाढतो. पोलीस चौकीतच चोराने बिऱ्हाड थाटावे, तसा हा प्रकार.

आता कुत्र्याच्या शरीरापुढे दोन वाटा असतात.

पहिली वाट पेशींची. टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी इंटरफेरॉन गॅमा हे रसायन सोडून भक्षक पेशीला जागे करतात. जागी झालेली भक्षक पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि पोटातल्या जंतूला मारते. चौकीतल्या पोलिसालाच चोराचा पत्ता सांगितल्यासारखे हे आहे.

दुसरी वाट प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडींची. प्रतिपिंडे रक्तात फिरतात आणि पेशीबाहेरच्या शत्रूला धरतात. इथे शत्रू पेशीच्या आत बसला आहे. त्यामुळे प्रतिपिंडे कितीही तयार झाली तरी ती बाहेरच गस्त घालत राहतात. एवढेच नाही, तर जंतूच्या तुकड्यांना चिकटून त्यांचे पुंजके बनतात आणि ते पुंजके मूत्रपिंडात, सांध्यांत, डोळ्यांत अडकतात. या आजारात कुत्री दगावतात ती बहुधा मूत्रपिंडे निकामी होऊन. जंतूबरोबरच कुत्र्याच्या स्वतःच्या चुकीच्या दिशेने गेलेल्या प्रतिकाराचाही त्यात मोठा वाटा असतो.

या लेखात सांगायचे ते मुख्यतः हेच. आजारी कुत्र्याची प्रतिकारशक्ती "कमी" नसते. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे भरभरून असतात. ती शक्ती चुकीच्या वाटेला लागलेली असते, तिला वाढवून उपयोग नाही, वळवावी लागते.

याचा पुरावा निसर्गातही आहे. भूमध्य भागात जंतू शिरलेल्या कुत्र्यांपैकी सगळी आजारी पडत नाहीत. बरीचशी वर्षानुवर्षे धडधाकट राहतात. बॅलेरिक बेटांवरची इबिझन हाउंड ही शिकारी जात तर या बाबतीत प्रसिद्ध आहे. तिथल्या कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात दिसले की या जातीत पेशींची वाट जोरकसपणे चालते आणि आजार क्वचित बळावतो. उलट बॉक्सर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा जाती त्याला अधिक बळी पडतात.

औषधे आहेत, मग हे कशाला?

या आजाराची लक्षणे हळूहळू दिसतात. डोळ्यांभोवतीचे केस जातात, कातडीला कोंडा सुटतो, नखे वेडीवाकडी वाढतात, गाठी सुजतात, कुत्रे वाळत जाते, कधी नाकातून रक्त येते. माशी चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही महिने ते काही वर्षे जाऊ शकतात.

नेहमीचा उपचार असा: मेग्लुमाइन अँटिमोनिएटची इंजेक्शने साधारण चार आठवडे किंवा मिल्टेफोसिन हे तोंडाने घ्यायचे औषध २८ दिवस आणि त्याच्या जोडीला ॲलोप्युरिनॉल सहा ते बारा महिने, कधी त्याहून अधिक. यातले ॲलोप्युरिनॉल अनेक घरांत ओळखीचे असेल, युरिक ॲसिड वाढलेल्या आजोबांच्या गोळ्यांच्या डब्यात ते असते.

या औषधांनी बहुतेक कुत्री सुधारतात. पण जंतू शरीरातून पुरता जात नाही. औषध थांबले, वय झाले, दुसरा आजार आला की तो पुन्हा डोके वर काढू शकतो. ॲलोप्युरिनॉल दीर्घकाळ दिले तर कुत्र्याच्या लघवीत झँथिन नावाचे खडे तयार होण्याचा धोका असतो. शिवाय औषध अर्धवट वापरले तर जंतू त्याला दाद देईनासा होतो. अँटिमनीच्या औषधांना दाद न देणारा काळा आजार बिहारमध्ये माणसांत पसरला होता, हे आपल्या देशाला ठाऊक आहे.

म्हणून संशोधकांनी विचार केला: जंतूंची संख्या औषधाने कमी करायची आणि उरलेल्या जंतूंवर पहारा ठेवायचे काम कुत्र्याच्याच टी पेशींकडे सोपवायचे. या आजारातल्या इम्युनोथेरपीची कल्पना ही अशी आहे.

वळवण्याचे मार्ग

उलटीचे औषध. डॉमपेरिडोन हे नाव ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. उलटी, मळमळ, ॲसिडिटीसाठी आपल्याकडे सर्रास मिळणारे हेच ते औषध. ते डोपामाइनचा परिणाम अडवते, त्यामुळे शरीरात प्रोलॅक्टिन वाढते. प्रोलॅक्टिनला आपण आईच्या दुधाशी संबंधित हार्मोन म्हणून ओळखतो, पण ते टी पेशींनाही चालना देते आणि प्रतिकाराला पेशींच्या वाटेकडे ढकलते. स्पेनमध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जंतुबाधित कुत्र्यांना महिनाभर डॉमपेरिडोन दिल्यावर अनेकांची लक्षणे कमी झाली आणि प्रतिपिंडांचे प्रमाण उतरले. पुढे निरोगी कुत्र्यांना दर चार महिन्यांनी महिनाभर ते देऊन पाहिले, तेव्हा आजार कमी झाल्याचे आढळले. युरोपातल्या काही देशांत कुत्र्यांसाठीचे द्रवरूप डॉमपेरिडोन या कामासाठी मिळते. सौम्य आजारात आणि प्रतिबंधासाठी त्याचा उपयोग सांगतात. मूत्रपिंडे बिघडलेल्या कुत्र्याला केवळ त्यावर ठेवत नाहीत.

लस, पण उपचार म्हणून. लस निरोगी असताना घ्यायची, हे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. इथे ती आजारी किंवा बाधित कुत्र्याला दिली जाते, प्रतिकाराला जंतूची योग्य ओळख पटवून द्यायला. रिओ द जानेरोच्या विद्यापीठात क्लॅरिसा पलाटनिक द सोझा यांच्या गटाने लिशम्यून ही लस विकसित केली. तिच्यात लिशमॅनिया डोनोवनीपासून मिळवलेला एक घटक होता आणि जोडीला सॅपोनिन. सॅपोनिन म्हणजे रिठ्याला, शिकेकाईला फेस आणणारे द्रव्य. लसीत वापरतात ते चिलीमधल्या क्विलाया झाडाच्या सालीतले असते. ते प्रतिकाराला, विशेषतः पेशींच्या वाटेला, जोरात हाक मारते. उपचारासाठी या लसीत सॅपोनिनचे प्रमाण वाढवले गेले. औषधांच्या जोडीने ती दिल्यावर कुत्र्यांची लक्षणे आणि जंतूंचे प्रमाण कमी झाल्याचे ब्राझीलमधल्या अभ्यासांत दिसले.

इथे आपल्या मराठी मुलुखाशीही एक धागा जुळतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी, जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केलेली मलेरियाची आर२१ लस याच क्विलाया सॅपोनिनच्या आधारावर उभी आहे. मलेरियाही परजीवीचाच आजार. तिथे लस प्रतिबंधासाठी आहे, उपचारासाठी नाही. पण प्रतिकाराला हाक मारणारे द्रव्य त्याच झाडाचे.

अमेरिकेत आणखी एक महत्त्वाचा प्रयोग झाला. तिथल्या शिकारी फॉक्सहाउंड कुत्र्यांत हा आजार १९९९ मध्ये लक्षात आला. माशीपेक्षा तो तिथे मुख्यतः आईकडून पिल्लांकडे जातो. आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी बाधित पण अजून आजारी न पडलेल्या अशा कुत्र्यांना ब्राझीलची लिश-टेक ही लस देऊन पाहिली. कोणत्या कुत्र्याला लस आणि कोणत्याला नुसते पाणी दिले, हे तपासणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले: लस घेतलेल्यांत आजार पुढे सरकण्याचा धोका कमी होता. म्हणजे वळवण्याची योग्य वेळ आजार बळावण्याच्या आधीची.

पूरक आहार. न्यूक्लिओटाइड आणि शिताके अळिंबीपासून काढलेला एक अर्क यांचे मिश्रण स्पेनमध्ये अँटिमनीच्या इंजेक्शनांबरोबर, ॲलोप्युरिनॉलच्या जागी वापरून पाहिले गेले. लक्षणे सुधारली आणि झँथिनच्या खड्यांचा त्रास टळला. लक्षात घ्या, हेही ठरावीक मिश्रण होते, ठरावीक आजारावर, मुख्य औषधासोबत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले.

प्रश्न कुत्र्याच्या जिवाचा

हे सगळे कशासाठी, हे ब्राझीलकडे पाहिले की कळते. तिथे कुत्र्यापासून माशीमार्फत माणसांना, विशेषतः लहान मुलांना, हा आजार होतो आणि उपचार न मिळाल्यास तो जीव घेतो. म्हणून १९६० च्या दशकापासून बाधित कुत्री मारून टाकणे हे सरकारी धोरणच होते. २००८ मध्ये तर माणसांची औषधे वापरून कुत्र्यांवर उपचार करायलाच मनाई झाली. तपासणीत जंतू निघाला की घरातला कुत्रा सरकारच्या हवाली करायचा, नाहीतर लपवायचा. अनेकांनी लपवला. एवढी कुत्री मारूनही माणसांतला आजार अपेक्षेप्रमाणे आटोक्यात आला नाही. मारलेल्या कुत्र्याच्या जागी लवकरच दुसरे पिल्लू येई आणि माशी तिथेच असे. २०१६ मध्ये मिल्टेफोसिनला कुत्र्यांसाठी परवानगी मिळाली, तेव्हा कायदेशीर उपचाराची दारे उघडली.

म्हणून इम्युनोथेरपीकडून अपेक्षा दुहेरी आहे. कुत्रा जगावा आणि त्याच्या अंगातले जंतू इतके कमी व्हावेत की माशीला त्याच्याकडून काही मिळू नये. दुसरी अपेक्षा पुरी झाली, तरच शेजारच्या मुलाच्या आईला सांगता येईल की हा कुत्रा घरात राहू द्या.

पाय जमिनीवर ठेवून

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, झाले, प्रश्न सुटला. तसे नाही. लिशम्यूनची विक्री २०१४ मध्ये थांबली, कारण परिणामकारकतेचे सरकारी निकष ती पूर्ण करू शकली नाही. लिश-टेकवर २०२३ मध्ये गुणवत्तेच्या कारणावरून बंदी आली. युरोपात २०११ मध्ये कॅनिलिश आणि २०१६ मध्ये लेटिफेंड या लसींना परवानगी मिळाली, पण ती निरोगी, जंतू न शिरलेल्या कुत्र्यांसाठी, उपचारासाठी नाही. त्या घेऊनही माशीपासून बचाव करावाच लागतो. आजही मुख्य उपचार औषधांचाच आहे आणि इम्युनोथेरपी त्याच्या जोडीला आहे.

मग आपल्या कुत्र्याचे काय?

आपल्याकडच्या गोचीडतापात बहुधा बॅबेसिया हा परजीवी, एर्लिकिया हा जिवाणू किंवा दोन्ही असतात. त्यांच्यावर आपल्याकडे अशी इम्युनोथेरपी उपलब्ध नाही. युरोपात बॅबेसियाची लस निघाली, पण ती तिथल्या जातीवर. आपल्याकडे आढळणाऱ्या बॅबेसिया गिब्सोनीवर ती चालत नाही.

उलट बॅबेसियात अनेकदा कुत्र्याची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच तांबड्या पेशींवर तुटून पडते. अशा वेळी डॉक्टरांना ती काही काळ दाबावीही लागते. त्या क्षणी घरच्यांनी हौसेने "इम्युनिटी बूस्टर" चालू ठेवला, तर तो कोणती वाट जोरात चालवतो आहे, हे कुणालाच सांगता यायचे नाही. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

- ताप, सुस्ती, पांढुरक्या हिरड्या, गडद लघवी दिसली की आधी रक्ततपासणी. पावडरीने दोन दिवस वाट पाहू नये.
- चालू असलेले प्रत्येक सिरप, चूर्ण, गोळी डॉक्टरांना सांगावी, आयुर्वेदिक असली तरीही.
- घरातले डॉमपेरिडोन किंवा ॲलोप्युरिनॉल आपल्या मनाने कुत्र्याला देऊ नये. वर सांगितलेले उपयोग वेगळ्या आजारातले आहेत.
- गोचीड आणि माशी रोखणारे पट्टे किंवा मानेवर लावायची औषधे वेळच्या वेळी वापरावीत. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेले औषध टाळावे. मांजरांना ते विषारी आहे.
- भिंतींच्या भेगा बुजवाव्यात, अंगणातला ओला कचरा आणि शेण साठू देऊ नये. यात चांदीपुरापासून मुलांचाही बचाव आहे.

आपल्यापैकी काहींची मुले, नातवंडे पोर्तुगाल, स्पेनकडे स्थायिक आहेत आणि काही जण आपला कुत्राही सोबत नेतात. त्यांनी मात्र हा आजार गंभीरपणे घ्यावा. निघण्यापूर्वी डेल्टामेथ्रिनचा पट्टा, तिथे पोहोचल्यावर स्थानिक डॉक्टरांकडून लसीबद्दल सल्ला, वर्षातून एकदा रक्ताची व लघवीची तपासणी आणि संध्याकाळनंतर कुत्र्याला घरात झोपवणे, एवढे कटाक्षाने पाळावे.

पुढच्या वेळी दुकानदाराने इम्युनिटी वाढवणारा डबा पुढे केला, तर त्याला एवढेच विचारा: कोणत्या आजारासाठी आणि कोणती इम्युनिटी? उत्तर मिळाले नाही, तर त्या पैशांतून गोचीड रोखणारा चांगला पट्टा घ्या.